रमण्यातली दक्षिणा आणि प्रवरेकाठची माती



बेलापूर नावाचे रेल्वे स्टेशन बेलापुरात नाही, हे या भागातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. स्टेशन श्रीरामपुरात आणि गाव तिकडे प्रवरेच्या काठी. नवखा माणूस पाटी वाचून उतरतो आणि मग गाव शोधत बसतो. विद्येसाठी दिल्या जाणाऱ्या पैशाची गोष्ट काहीशी अशीच आहे. त्यावर पाटी एका नावाची असते, आणि तो उतरतो भलत्याच ठिकाणी. ज्याला गाव गाठायचे असेल त्याने विचारीत जावे लागते. आज आपण अशाच एका पैशाचा माग काढणार आहोत. तो निघाला पेशव्यांच्या पुण्यातून. आणि त्याच्या वाटेवरची एक शाखा थेट आपल्या प्रवरेकाठी येऊन पोचली.

आजकाल ‘अनुदान’ हा शब्द शाळामास्तरांच्या तोंडी दिवसातून चार वेळा येतो. कॉलेजात आम्हा प्राध्यापकांच्या तोंडी तर त्याहून अधिक. पण अनुदान ही इंग्रजांनी आणलेली चीज आहे अशी जी एक समजूत आहे, ती खरी नव्हे. तळेगावचे सेनापती खंडेराव दाभाडे श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत असत. पुढे १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले, दाभाड्यांचा जोर ओसरला, आणि हा परिपाठ पेशव्यांनी आपल्याकडे घेतला. पर्वतीच्या पायथ्याशी मोठे आवार होते, त्याला रमणा म्हणत. श्रावणात तिथे काशीपासून कर्नाटकापर्यंतचे ब्राह्मण जमत. विद्येची पारख व्हायची आणि ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे रुपये पदरात पडायचे.

निदान तसे पडावेत अशी अपेक्षा होती. न्यायमूर्ती रानड्यांनी रामशास्त्री प्रभुण्यांची एक आख्यायिका नोंदवून ठेवली आहे. दक्षिणेची वाटणी चालू असता रामशास्त्र्यांचे सख्खे बंधू पुढे आले. ते काही मोठे पंडित नव्हते. शेजारी बसलेल्या नाना फडणिसांनी शास्त्रीबुवांचा मान राखावा म्हणून वीस रुपये द्यावेत असे सुचविले. रामशास्त्री म्हणाले, यांची विद्या बेताची, यांना इतरांसारखे दोन रुपये द्या. भाऊ म्हणून काय करायचे ते मी घरी करीन. आता पाहा, संशोधनासाठी पैसे मागणाऱ्याचा अर्ज त्याच्या नात्यागोत्यातल्या माणसाने तपासू नये, हा आजचा नियम मोठ्या संस्थांनी छापील पानावर घातलेला आहे. रामशास्त्र्यांनी तो कागदाशिवाय पाळला. मात्र सर्वच वर्षी वाटणीला रामशास्त्री बसलेले नव्हते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात विद्येपेक्षा गर्दीच वाढली होती.

आणि एक गोष्ट उघडच बोलायला हवी. हा पैसा राज्याचा होता. म्हणजे तो कुणब्याच्या शेतसाऱ्यातून आलेला होता. परंतु रमण्याच्या दारातून त्या कुणब्याच्या मुलाला आत जाता येत नव्हते.

१८१८ साली पेशवाई गेली. एल्फिन्स्टन हा धोरणी माणूस. त्याने दक्षिणा एकदम बंद केली नाही, कारण पुण्यातला वजनदार वर्ग दुखवणे त्याला परवडणारे नव्हते. वर्षाला पन्नास हजार रुपयांची रक्कम त्याने त्यासाठी चालू ठेवली. त्याच निधीच्या आधाराने ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. दानाचे रूपांतर संस्थेत झाले ते इथे. एकाच्या पदरात रुपये टाकले की ते त्याच्या घरी संपतात. शाळेत घातले की पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी येतो. पण हा विद्यार्थीही त्याच एका वर्गातला होता.

हे दार पहिल्यांदा ठोठावले गेले १८४९ साली. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या सहविचारी मंडळींनी सरकारकडे अर्ज करण्याचे ठरविले. मागणी फार थोडी होती. दक्षिणेच्या पैशातला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांना मिळावा. बस, इतकेच. तरीही पुण्यात असे काही वादळ उठले की अर्जावर सह्या करणाऱ्यांना रस्त्याने चालणे अवघड झाले. त्या वेळी जोतीराव फुले बावीस वर्षांचे होते. आदल्याच वर्षी त्यांनी मुलींची शाळा काढली होती. अर्ज सरकारदरबारी नेताना दंगा होऊ नये म्हणून जोतीराव दोनशेएक कष्टकरी माणसे घेऊन संरक्षणाला उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुस्तक लिहिणाऱ्याला अनुदान मिळावे म्हणून, स्वतः अक्षर न शिकलेली माणसे रस्त्यावर उभी राहिली! वर्गात हा भाग आला की मी इथे जरा थांबतो, आणि मुलांना खिडकीबाहेर पाहू देतो.

अर्जाचे फळ मिळाले. १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली. याच दक्षिणा निधीतून पुढे जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या मुलींच्या शाळांना दरमहा ७५ रुपयांचे साह्य मंजूर झाले. रमण्यातला रुपया मुलीच्या पाटी-पुस्तकापर्यंत आला. १८५२ च्या नोव्हेंबरात त्याच विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला.

इथे कथा गोड करून थांबवता आली असती. पण इतिहास तसा थांबत नाही. १८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ नावाचे नाटक लिहिले. भोळ्या कुणबी जोडप्याची धर्माच्या नावाने लूट कशी होते आणि शिक्षणाने त्यांचे डोळे कसे उघडतात, हा त्याचा विषय. ते त्यांनी याच दक्षिणा प्राइझ कमिटीपुढे ठेवले. कमिटीने नाकारले. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे १८७३ च्या ‘गुलामगिरी’त स्पष्ट लिहून ठेवले आहे. ज्या अर्जाची राखण त्यांनी केली, त्याच अर्जातून निघालेल्या कमिटीने त्यांचे हस्तलिखित परत केले. ते नाटक पुढे शंभरावर वर्षे छापले गेले नाही. म्हणजे निधीचा नियम बदलला, पण निधीच्या गादीवर बसणारी माणसे बदलली नव्हती. कोणत्याही अनुदानाची जाहिरात वाचताना मला आधी हे पाहावेसे वाटते की तपासणारे कोण आहेत. पैसा किती, हा प्रश्न नंतरचा.

दक्षिणेची दुसरी धार विद्यापीठाकडे वळली. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले, आणि हुशार पदवीधरांना शिकता-शिकवता यावे म्हणून दक्षिणा फेलोशिप सुरू झाल्या. रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो. विश्रामबागवाड्यातली पाठशाळा १८५१ साली पूना कॉलेज झाली, १८६४ साली तिला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि १८६८ मध्ये ती येरवड्याच्या दगडी इमारतीत गेली. त्या इमारतीसाठी जीजीभाई घराण्याकडून एक लाख रुपयांची देणगी आली होती. ही देणगी लक्षात ठेवा, कारण तिनेच पुढे कॉलेज वाचवले.

१९३४ साली सरकारने काटकसरीचे कारण सांगून डेक्कन कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत. ते कोर्टात गेले. देणगी ज्या हेतूने घेतली त्या हेतूला सरकार बांधलेले आहे, ही न्यासाची मिळकत आहे, ती मनास येईल तशी मोडता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांना यश आले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. गावातल्या शाळेला कोणी खोली बांधून दिली, जमीन दिली, तर भाषणे आणि हारतुरे होतात. कागद मात्र होत नाही. देणारा आणि घेणारा दोघेही असेतोवर भागते. नातवांच्या वेळी कागदच लागतो.

१९३९ साली त्या संस्थेत डॉ. हसमुख सांकळिया प्राचीन इतिहासाचे प्राध्यापक म्हणून आले. आता आपण प्रवरेवर येतो. १९५०-५१ मध्ये सांकळिया आणि डॉ. शांताराम देव यांनी नाशिकबरोबर संगमनेरजवळच्या जोर्व्याला उत्खनन केले. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, आणि तांबड्या रंगावर काळ्या नक्षीची, तोटीची मडकी मिळाली. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची ही भांडी. महाराष्ट्रात जिथे जिथे तशी भांडी निघाली तिथे तिथे त्या संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ असेच नाव पडले. एका लहान खेड्याचे नाव जगभरच्या पुस्तकांत गेले. पुढे १९५४ ते ५६ मध्ये नदीच्या खालच्या अंगाला नेवाशाला उत्खनन झाले. वर जोर्वे, खाली नेवासे, आणि मधल्या पट्ट्यात बेलापूर. याच श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादचे पांढरीचे टेकाड १९५८ साली नजरेस आले. तिथे १९७४ साली गावातल्या माणसाच्या हाती काशाच्या चार मूर्ती लागल्या: बैल जोडलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचे वजन मिळून साठ किलोंच्या वर. भारतीय पुरातत्त्व खात्याने त्यानंतर १९७९ पर्यंत तिथे खोदाई केली.

दक्षिणेचाच रुपया जोर्व्याच्या खड्ड्यात पडला, असे मी म्हणत नाही. पण जी संस्था कुदळ घेऊन आली तिचा वंश रमण्यापर्यंत जातो, हे खरे.

खर्चाचे म्हणाल तर उत्खननाला मजूर लागतात, राहुट्या लागतात, मोजमापाला साखळी आणि सुतळी, नकाशा काढणारा, फोटो घेणारा, आणि खापरे धुऊन त्यावर शाईने आकडे घालणारी धीराची माणसे लागतात. लोकांना खोदाई तेवढी दिसते. नेवाशाची खोदाई १९५६ ला संपली, अहवाल पुणे विद्यापीठ आणि डेक्कन कॉलेज यांच्या नावे १९६० साली निघाला. दायमाबादची १९७९ ला संपली, अहवाल १९८६ ला. खोदायला पैसे मागणारे पुष्कळ असतात. लिहायला आणि छापायला पैसे मागायचे मात्र विसरतात, आणि मग खापरे पोत्यांत पडून राहतात.

प्रवरेची मातीच नव्हे, तिचे पाणीही अभ्यासले गेले आहे. साताऱ्याचे रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. तिचे प्रमुख धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे शेतकऱ्याच्या पदरात नेमके काय पडले याची पाहणी करवून १९४८ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. हरेगावचा बेलापूर कंपनीचा खाजगी साखर कारखाना या मुलुखाने तेव्हा पाहिला होताच. आणि दोनच वर्षांनी, १९५० च्या अखेरीस, लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना सुरू झाला, तेव्हा त्याचे अध्यक्ष कोण? तर हेच गाडगीळ. ज्यांच्या शेताचे हिशेब मांडले, त्यांनीच त्यांना खुर्चीवर बसवले. संशोधनाला दिलेला पैसा गावाला परत कसा मिळतो, असे कोणी विचारले तर मी लोणीकडे बोट दाखवतो.

आता शिक्षक बंधुभगिनींनो, थोडे आपल्याकडे. १९५३ साली विद्यापीठ अनुदान मंडळ आले, १९५६ च्या कायद्याने ते पक्के झाले. सामाजिक शास्त्रांसाठी १९६९ साली आणि इतिहासासाठी १९७२ साली दिल्लीत स्वतंत्र परिषदा निघाल्या. श्रीरामपुरातही १९६० पासून रयत शिक्षण संस्थेचे बोरावके महाविद्यालय आहे. खेड्यातल्या शाळेच्या शिक्षकाला एकट्याने दिल्लीला अर्ज करणे जड जाते, पण जवळच्या कॉलेजातला विषयाचा प्राध्यापक जोडीला घेतला तर वाट निघते. आम्हालाही गावातला जाणता माणूस हवाच असतो. पत्र टाकायला संकोच करू नये.

अर्ज कसा असावा म्हणाल, तर १८४९ चाच डोळ्यापुढे ठेवा. त्यांनी नवा पैसा मागितला नाही, असलेल्या निधीवर बोट ठेवले. सगळा मागितला नाही, काही भाग मागितला. कशासाठी हवा ते एका वाक्यात सांगितले. आणि एकाने नव्हे, अनेकांनी मिळून सह्या केल्या. आजचे छापील अर्ज चाळीस पानांचे असतात, त्यात कालावधी, खर्चाचे अंदाजपत्रक, हिशेबाची हमी हे सारे असते. पण चाळणी लावून पाहिले तर शेवटी उरते ते एवढेच. खर्चाचा आकडा मात्र वाटेल तसा फुगवू नये. तपासणारा आपल्यासारखाच मास्तर असतो, त्याला सुतळीचा भाव माहीत असतो.

आणि सुरुवात पैशाने होत नाही. पाऊस उघडला की प्रवरेच्या दरडी ढासळतात, नांगराच्या फाळाला खापर लागते. तिथे स्वतः कुदळ चालवू नये. कायद्याने तशी मनाई आहे, आणि थर विस्कटले की तज्ज्ञालाही मग काही वाचता येत नाही. मुलाने शाळेत खापर आणून दाखवले तर त्याला रागावू नका, फेकूनही देऊ नका. कोणते शेत, त्याचा गट नंबर, नदीपासून अंदाजे किती पावले, कोणी आणले, कोणत्या तारखेला, हे वहीत लिहा. खापराचे चित्र शेजारी काढायला त्याच मुलाला सांगा. त्याची नक्कल पुरातत्त्व खात्याला पाठवा, वही शाळेच्या कपाटात ठेवा, आणि बदली झाली तर ती पुढच्या गुरुजींच्या हाती द्या. अर्जाचे पहिले पान तीच वही.