एक संकेतस्थळ, अनेक देश
शोधनिकालांत योग्य देशाचे पान कसे दिसते?

भारत, ब्रिटन आणि अमेरिका या तिन्ही देशांत इंग्रजी वाचली जाते. परंतु चलन, कर आणि माल पोहोचविण्याच्या अटी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात. म्हणून अनेक कंपन्या देशागणिक संकेतस्थळाची स्वतंत्र आवृत्ती ठेवतात. मजकूर जवळपास सारखाच असल्याने शोधयंत्राचा मात्र गोंधळ उडू शकतो. पुण्यातील ग्राहकासमोर डॉलरमधील किमतीचे पान आले, तर तो खरेदी न करताच निघून जाण्याची शक्यता अधिक. कोणते पान कोणासाठी आहे, हे शोधयंत्राला सांगणे त्यामुळेच आवश्यक ठरते.

पत्ता कोणता?

'डॉट इन' किंवा 'डॉट डीई' यांसारखे देशनिदर्शक डोमेन हा सर्वांत स्पष्ट संकेत होय. मात्र प्रत्येक डोमेन स्वतंत्रपणे घ्यावे व सांभाळावे लागते. 'डॉट कॉम'खाली प्रत्येक देशासाठी उपडोमेन अथवा स्वतंत्र फोल्डर ठेवणे, हा तुलनेने सोपा पर्याय आहे. 'डॉट टीव्ही' हे तुवालूचे, तर 'डॉट मी' हे माँटेनेग्रोचे डोमेन असले, तरी 'गुगल' ती सर्वसाधारणच मानते.

'एचरेफलँग'चा उपयोग

पानांचे परस्परसंबंध सांगण्यासाठी 'गुगल'ने २०११ मध्ये 'एचरेफलँग' ही खूण देशनिहाय आवृत्त्यांसाठी पुढे आणली. तीत आधी भाषेचा आणि नंतर देशाचा संकेत येतो. भारतातील मराठी वाचकांसाठी तो 'एमआर-आयएन' असा होतो. ब्रिटनसाठी 'यूके' लिहिणे ही नेहमी आढळणारी चूक. योग्य संकेत 'जीबी' आहे. प्रत्येक पानाने स्वतःचा व इतर सर्व आवृत्त्यांचा उल्लेख करावा लागतो. हा उल्लेख परस्पर नसेल, तर खूण दुर्लक्षिली जाऊ शकते. कोणत्याच गटात न बसणाऱ्या वाचकांसाठी 'एक्स-डीफॉल्ट' ही खूण २०१३ पासून उपलब्ध आहे.

या खुणेमुळे पानाचा क्रम वर जात नाही. त्याच क्रमावर योग्य देशाचे पान दाखविण्यास मदत होते. तसेच सर्व आवृत्त्यांचे 'कॅनॉनिकल' म्हणून अमेरिकेचेच पान नोंदविले, तर भारतीय पान निकालांतून गळण्याचा धोका असतो.

सक्तीची पाठवणी नको

वाचकाचे ठिकाण ओळखून त्याला आपोआप दुसऱ्या आवृत्तीकडे पाठविणेही अडचणीचे ठरते. 'गुगल'चा पाने वाचणारा प्रोग्राम बहुतांशी अमेरिकेतील आयपी पत्त्यांवरून येतो. त्यालाही अशीच पाठवणी झाली, तर इतर देशांची पाने त्याच्या नजरेस पडणार नाहीत. त्याऐवजी पानावर देश निवडण्याचा दुवा द्यावा.

'सर्च कन्सोल'मध्ये देश निवडण्याची सोय पूर्वी होती. ती २०२२ मध्ये बंद झाली. त्यामुळे पत्ता, 'एचरेफलँग', स्थानिक चलन, दूरध्वनी क्रमांक आणि त्या देशातील संकेतस्थळांवरून आलेले दुवे यांवरच आता भर द्यावा लागतो.