बिनटोकाचा चाकू

"टोक नसलेला चाकू कसला जमवता, आजोबा?" असं धाकट्या नातवाने विचारलं. त्याला दिलेलं उत्तर जरा लांबलं, तेच इथे लिहितो.

शिडाच्या जहाजावरच्या खलाशाचा चाकू मुद्दामच बिनटोकाचा करत. धार सरळ, आणि पाठ पुढे येऊन मेंढीच्या खुरासारखी उतरलेली. जहाज हेलकावे खात असताना टोकदार चाकू शिडात नाहीतर शेजाऱ्यातच घुसायचा! जाड दोर कापायचा तर पातं दोरावर टेकवून वरून दांडक्याचा ठोका द्यायचा, त्यालाही सरळ धारच बरी. दुसऱ्या बाजूला दाभणासारखा पोलादी सुवा. दोराचे पीळ उकलायला, दोन दोर एकमेकांत गुंफून सांधायला, भिजून आवळलेली गाठ सोडवायला तो लागे. ब्रिटिश लष्करही असे सुव्याचे चाकू वाटत असे, आणि तो घोड्याच्या खुरातले खडे काढायला होता असं अजून सांगतात. ही लोणकढी थाप.

नावाजलेले चाकू इंग्लंडातल्या शेफील्डचे. तिथल्या चाकू करणाऱ्यांचा संघ १६२४ सालचा. वय ओळखायला पात्याचं बूड पाहावं. परदेशी मालावर देशाचं नाव हवंच, असा कायदा अमेरिकेने १८९० साली केला. त्यामुळे 'इंग्लंड' असा ठसा दिसला की चाकू बहुधा त्यानंतरचा. 'स्टेनलेस' असेल तर नक्कीच १९१३ नंतरचा, कारण हॅरी ब्रिअर्ली यांनी ते पोलाद शेफील्डला त्या वर्षी केलं. रुंद फाळाचा बाण म्हणजे सरकारी माल. बाण 'सी' अक्षरात असेल तर कॅनडा, दोन 'डीं'च्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलिया, खाली 'आय' असेल तर आपला हिंदुस्थान. बाण मागाहूनही ठोकतात बरं का! बाकी पातं झिजलेलं आणि बाण तेवढा करकरीत, असं दिसलं की समजून जावं.

मग चाकू उघडावा. कमान 'टक्' वाजली पाहिजे, पातं डुगडुगता कामा नये, सुवा वाकलेला नसावा. जुन्या पोलादावरची करडी झाक हा दोष नव्हे, गंजाचे खड्डे हा दोष. आणि यंत्रावर घासून चकचकीत केलेला चाकू मी फुकटही घेणार नाही, त्याचे ठसे पुसट झालेले असतात.

सगळ्यात जास्त किंमत येते न वापरलेल्याला. इथे माझं बाजाराशी जमत नाही. माझ्याकडे एक 'आय'वाला आहे. धार लावून लावून पातं निम्मं उरलंय आणि मुठीवर कुणीतरी खिळ्याने देवनागरी 'स' कोरलाय. विकणाऱ्याने तो घासून काढायची तयारी दाखवली, म्हणाला, भाव वाढेल. मी नको म्हटलं. रत्नागिरीकडचे कितीतरी खलाशी गोऱ्यांपेक्षा कमी पगारावर ब्रिटिश जहाजांवर राबले. हा 'स' त्यांच्यातलाच का, ते त्या अक्षरावरून सांगता येत नाही. पण ते अक्षर गेलं तर विचारायलाही काही उरत नाही.

पावसाळ्यापूर्वी तेलाचं बोट फिरवून कोरड्या सुती कापडात ठेवतो. चामड्याच्या म्यानात ठेवू नये, चामडं ओल धरतं.