एडिनबरा ते शिकारपूर: डोळ्यांच्या मिशनची गोष्ट

ब्रिटनमध्ये ऑप्टोमेट्री किंवा मेडिसिन शिकणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्यातलं एखादं तरी सुट्टीत आफ्रिकेत दोन आठवडे डोळे तपासून आलेलं असतं. बऱ्याचदा अशा दौऱ्यांमागे एखादी ख्रिस्ती संस्था असते. तिकीट स्वतःच्या पैशाने काढायचं, रजा स्वतःची टाकायची, आणि एखाद्या मिशनच्या दवाखान्यात रांगेत बसलेल्या शेकडो लोकांना तपासून चष्मे द्यायचे. असं कुणी मराठी घरात सांगितलं की दोन प्रश्न हमखास येतात. आईबाबांचा प्रश्न: "हे धर्मांतराचं काही नाही ना?" आणि आपल्या वयाच्या मित्रमैत्रिणींचा प्रश्न: "दोन आठवड्यांत असं काय होणार? फोटोपुरतंच ना?"

हे दोन्ही प्रश्न बरेच जुने आहेत. पॉडकास्टमध्ये आपण वैद्यकीय मिशनांबद्दल बोललो तेव्हा डोळ्यांचा विषय वेळेअभावी राहून गेला. खरं तर या इतिहासाची सुरुवातच डोळ्यांपासून होते.

डोळेच का?

1827 मध्ये टॉमस कॉलेज नावाच्या ब्रिटिश सर्जनने मकाव इथे गरीब चिनी रुग्णांसाठी डोळ्यांचा दवाखाना काढला. हा माणूस ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर, पाद्री नव्हे. पुढे 1835 मध्ये पीटर पार्कर या अमेरिकन डॉक्टर-मिशनऱ्याने कँटनमध्ये डोळ्यांचं रुग्णालय सुरू केलं. आज ज्याला 'मेडिकल मिशन' म्हणतात त्याचा आरंभ बहुतेक इतिहासकार इथूनच धरतात.

पण डोळेच का? एक कारण अगदी व्यावहारिक आहे. त्या काळात पोट किंवा छाती उघडणं म्हणजे मरणाला आमंत्रण. भूल नव्हती, जंतूंची कल्पना नव्हती. डोळ्याची शस्त्रक्रिया मात्र काही मिनिटांत उरकायची, रक्त फार जायचं नाही, आणि आठवड्याभरात निकाल कळायचा. आंधळा म्हणून हात धरून आणलेला माणूस स्वतःच्या पायांनी घरी गेला की गावभर बोभाटा होई. दुसरं कारण श्रद्धेचं. बायबलमध्ये येशूने आंधळ्यांना दृष्टी दिल्याच्या कथा आहेत, त्यामुळे मिशनऱ्यांच्या दृष्टीने मोतीबिंदूचं ऑपरेशन ही एक प्रकारची शिकवणही होती.

तिसरी बाजू आपल्या जवळची आहे. कँटनला येणाऱ्या जहाजांतून मुंबई बंदरातली माळव्याची अफू येत होती. मुंबईच्या जमशेटजी जीजीभॉयांची मोठी कमाई याच चीन-व्यापारातली, आणि त्यांच्याच देणगीतून 1845 मध्ये जे.जे. रुग्णालय उभं राहिलं. पार्करच्या रुग्णालयाची इमारत होती हौक्वा या कँटनच्या बड्या व्यापाऱ्याची. म्हणजे मिशनचा दवाखाना पहिल्या दिवसापासून व्यापाऱ्यांच्या पैशावर उभा होता, आणि त्यात स्थानिक पैसाही होता. हा धागा लक्षात ठेवा, तो पुढे दोनदा येणार आहे.

1841 मध्ये पार्कर ब्रिटनला आला आणि एडिनबरामध्ये बोलला. तिथल्या डॉ. जॉन अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी पुढाकार घेतला आणि त्याच वर्षी एडिनबरा मेडिकल मिशनरी सोसायटीचं बीज रुजलं. पुढची शंभर वर्षं एडिनबरा हे मिशनरी डॉक्टर घडवणारं शहर राहिलं.

क्वेट्ट्याचा डॉक्टर

हेन्री हॉलंड याच शहरात शिकला. जन्म 1875 चा, इंग्लंडमधल्या डरॅमचा. वैद्यकीय पदवी घेऊन 1900 मध्ये तो चर्च मिशनरी सोसायटीतर्फे बलुचिस्तानात क्वेट्ट्याला पोचला. तोवर एक मोठी गोष्ट घडून गेली होती. 1884 मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी दाखवून दिलं होतं की कोकेनचे थेंब टाकले की डोळा बधिर होतो. रुग्णाला चार जणांनी दाबून धरायची गरज संपली. एका दिवसात खूप ऑपरेशनं करणं आता शक्य झालं.

आणि रुग्णही भरपूर होते. धूळ, कडक ऊन, खुपऱ्या, पिकलेले मोतीबिंदू. त्याआधी लोकांना माहीत असलेला इलाज म्हणजे फिरत्या वैदूची सुई. ढगाळ झालेलं भिंग सुईने डोळ्याच्या आत मागे ढकलून द्यायचं. ही रीत सुश्रुतसंहितेत वर्णन केलेली आहे, इतकी जुनी. त्याने काहींना लगेच दिसू लागे, पण पुष्कळांचा डोळा नंतर सुजून कायमचा जाई, आणि तोवर वैदू पुढच्या गावी पोचलेला असे. वैदूची ही 'पुढच्या गावी' जाण्याची सवय आपल्या दुसऱ्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. तिकडे येऊच.

सेठ हिरानंदांचा दवाखाना

क्वेट्ट्यात हिवाळा कडाक्याचा असतो, कामही मंदावतं. खाली सिंधमध्ये मात्र तोच काळ बरा. सिंधमधलं शिकारपूर हे सावकारांचं गाव. इथल्या हुंड्या मध्य आशियात पार बुखारापर्यंत चालत. आणि हो, 1936 पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता, म्हणजे शिकारपूर आणि सातारा यांचा गव्हर्नर एकच.

सेठ हिरानंद या शिकारपूरच्या हिंदू दानशूर गृहस्थांनी हॉलंडला दरवर्षी हिवाळ्यात आपल्या गावी येऊन डोळ्यांची ऑपरेशनं करायला सांगितलं आणि त्यासाठी दवाखाना उभा केला. ही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली गोष्ट. तेव्हापासून दर थंडीत शिकारपूरला जत्रेसारखी गर्दी होऊ लागली. रुग्णासोबत अख्खं कुटुंब येई, आवारात चुली मांडून राही. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे ऑपरेशननंतर डोळ्यांना पट्टी बांधून रुग्णाला कित्येक दिवस निश्चल झोपवून ठेवत. जेवण भरवणं, कूस बदलू न देणं, माश्या वारणं हे सगळं नातेवाईक करत. डॉक्टरच्या हातातल्या दहा मिनिटांमागे घरच्यांचे दहा दिवस असायचे. त्यांची नावं कुठल्याच अहवालात नाहीत.

31 मे 1935 च्या पहाटे क्वेट्ट्याला भूकंप झाला. शहर जमीनदोस्त झालं, मिशनचं रुग्णालयही. हॉलंड स्वतः ढिगाऱ्याखाली गाडला गेला होता. त्याला बाहेर काढलं गेलं, आणि तो पुन्हा कामाला लागला. रुग्णालय नव्याने बांधलं गेलं. 1947 ला फाळणी झाली, शिकारपूरचे बहुतेक हिंदू गाव सोडून निघाले. सिंधमधून आलेले असे हजारो लोक कल्याणजवळच्या छावण्यांत राहिले, त्याचंच पुढे उल्हासनगर झालं. पण हिरानंदांच्या पैशातून उभा राहिलेला दवाखाना पाकिस्तानात चालूच राहिला. 1960 मध्ये हेन्री हॉलंड आणि त्यांचा मुलगा रोनाल्ड यांना मिळून रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पाहुणे सर्जन कशासाठी यायचे?

आजच्या स्वयंसेवकांचे पूर्वज इथेच सापडतात. शिकारपूरच्या हंगामात ब्रिटन-अमेरिकेतून नेत्रतज्ज्ञ येत, काही आठवडे ऑपरेशनं करत आणि परत जात. त्यात सेवाभाव होताच, पण आणखीही काही होतं. लंडन किंवा शिकागोमधल्या डॉक्टरला जेवढे मोतीबिंदू वर्षभरात मिळायचे नाहीत, तेवढे इथे काही दिवसांत मिळत. हात साफ होई.

हे फक्त मिशनमध्येच होत नव्हतं. पंजाबात जालंधरला सरकारी नोकरीत असलेल्या हेन्री स्मिथची मोतीबिंदू काढण्याची पद्धत बघायला 1910 च्या सुमाराला अमेरिकन सर्जन समुद्र ओलांडून येत होते. म्हणजे कौशल्य पश्चिमेकडून पूर्वेकडे आलं, एवढंच म्हणून भागणार नाही. भारतातल्या गरीब रुग्णांच्या डोळ्यांवर शिकलेलं कौशल्य पश्चिमेत परत गेलं आणि तिथल्या पैसेवाल्या रुग्णांच्या कामी आलं. या व्यवहारात रुग्णाला दृष्टी मिळाली, हे खरं. पण कुणाच्या डोळ्यावर कुणी शिकायचं, हे त्याला कुणी विचारलं नाही, हेही तितकंच खरं.

मिरजेचं उदाहरण

याच काळात आपल्याकडे विल्यम वानलेस होता. हा कॅनडात जन्मलेला, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा. 1889 मध्ये सांगलीला आला, 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभं राहिलं. जमीन संस्थानिकांनी दिली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचाही त्याला आश्रय होता. कँटनला हौक्वा, शिकारपूरला हिरानंद, मिरजेला संस्थानिक: हाच तो धागा. रेल्वे जंक्शन असल्यामुळे रुग्ण लांबून येत, आणि त्यांत मोतीबिंदूचे पुष्कळ असत.

पण वानलेसने एक गोष्ट वेगळी केली. 1897 मध्ये त्याने तिथेच वैद्यकीय शाळा काढली. हंगामी पाहुण्यांवर भिस्त न ठेवता इथलीच माणसं तयार झाली, आणि तो 1928 मध्ये निवृत्त होऊन गेल्यावरही दवाखाना चालू राहिला. मिरज आजही 'हॉस्पिटलांचं गाव' म्हणून ओळखलं जातं, त्याचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

आईबाबांचा प्रश्न

आता धर्माचं. लपवाछपवी नको: मिशनच्या दवाखान्यांत प्रार्थना आणि प्रवचन होत असे, ताटकळत बसलेल्या रुग्णांना ते ऐकावंच लागे. औषध आणि उपदेश एकाच छपराखाली असले की नकार देणं किती सोपं उरतं, हा प्रश्न रास्त आहे. गांधीजींनी मिशनऱ्यांना तो वारंवार विचारला. 1956 मध्ये नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रदेशात न्या. भवानीशंकर नियोगी समितीच्या अहवालानेही शाळा-दवाखान्यांचा धर्मांतरासाठी होणारा वापर यावर कडक टीका केली.

दुसरीकडे सरहद्दीवरच्या मिशनांना धर्मांतरं फार थोडी मिळाली. लोकांनी डोळा करून घेतला, प्रवचन ऐकलं, आणि आपापल्या मशिदीत-देवळात परत गेले. सेठ हिरानंदांना आपण कुणाला बोलावतोय हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी हिशेब मांडला आणि डॉक्टर बोलावला. रुग्ण आणि देणगीदार यांना आपण भोळे समजलो, तर आपणही त्यांच्यावर अन्यायच करतो.

मित्रमैत्रिणींचा प्रश्न

आणि दोन आठवड्यांचं काय? तुमच्या आजी-आजोबांपैकी कुणाचा तरी सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आठवतोय? मोतीबिंदूबरोबर डोळ्यातलं भिंगच काढून टाकलं की तसा चष्मा लागायचा. तो फुटला की माणूस पुन्हा जवळपास आंधळा. शिबिर हलवलेलं, डॉक्टर गेलेला, मग चष्मा देणार कोण? जखमेत पू झाला तर बघणार कोण? वैदूच्या सुईला दिलेला दोष इथे नेमका लागू पडतो.

हेरल्ड रिडली यांनी लंडनच्या सेंट टॉमस हॉस्पिटलमध्ये 1949 मध्ये पहिलं कृत्रिम भिंग डोळ्यात बसवलं, पण ते आपल्या गावांपर्यंत पोचायला चार-पाच दशकं लागली. दरम्यान भारताने स्वतःची व्यवस्था बांधली. 1976 मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी मदुराईला डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी 11 खाटांचं अरविंद रुग्णालय काढलं. 1994 पासून जागतिक बँकेच्या कर्जातून मोतीबिंदू प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्रही होता. शाळेच्या वर्गात टेबलं मांडून ऑपरेशन करणं हळूहळू बंद झालं. शिबिरात फक्त तपासणी, ऑपरेशन मात्र रुग्णालयात, भिंग बसवून, आणि नंतर पुन्हा तपासणी.

ब्रिटनमधल्या स्वयंसेवेतही हा बदल दिसतो. जुने चष्मे गोळा करून खोकी भरून पाठवणं एकेकाळी फार लोकप्रिय होतं. आता अंधत्वनिवारणात काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था त्याला नको म्हणतात, कारण दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा क्वचितच जुळतो आणि निवडण्या-पाठवण्याचा खर्च नव्या साध्या चष्म्यापेक्षा जास्त होतो. त्याऐवजी इथल्या एखाद्या डोळ्यांच्या विभागाने आफ्रिकेतल्या एकाच रुग्णालयाशी वर्षानुवर्षं नातं ठेवायचं आणि तिथल्या नर्स-तंत्रज्ञांना शिकवायचं, असे उपक्रम चालतात. मिरजेत 1897 ला जे झालं, त्याच्या हे जास्त जवळचं आहे.

तेव्हा तुम्हाला किंवा तुमच्या मैत्रिणीला असा दौरा करायचा असेल, तर संस्था ख्रिस्ती आहे की नाही एवढ्यावरून हो किंवा नाही ठरवू नका. विचारा: तिथल्या कुणी बोलावलंय? उपदेश नको म्हणणाऱ्यालाही तीच सेवा मिळते का? तुम्ही तिथे शिकणार असाल, तर रुग्णाला ते माहीत असतं का? आणि तुमचं विमान सुटल्यावर तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला, तर तो कोण बघतं? याची उत्तरं सरळ मिळाली तर जरूर जा.

आणि हो, तुमच्या घरी मिरजेच्या 'मिशन हॉस्पिटल'मध्ये पणजोबांचा मोतीबिंदू काढल्याची किंवा आवारात चूल मांडून राहिल्याची आठवण असेल, तर पुढच्या सुट्टीत आजीला विचारून घ्या आणि आम्हाला जरूर कळवा. अहवालांत न आलेल्या त्या नातेवाईकांबद्दल एक वेगळा भाग करायचा विचार आहे.