नकाशावरील रेषा आणि बोलीची सीमा

१

भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात अंकीय नकाशे आणि भौगोलिक माहिती प्रणाली यांचा अभ्यास करावा काय, असा प्रश्न विभागात वारंवार उपस्थित होतो. हे तंत्र भूगोलाचे. भाषेच्या विद्यार्थ्याने ध्वनी, पद आणि वाक्य सोडून अक्षांश-रेखांशांच्या मागे का लागावे, अशी शंका घेणारे सहकारी आहेत, आणि त्यांची शंका अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. तथापि या शंकेचे उत्तर तंत्राच्या उपयुक्ततेत शोधण्यापेक्षा इतिहासात शोधणे अधिक फलदायी ठरेल. भाषेचा नकाशा हा संगणकीय नकाशाहून सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांनी जुना आहे. संगणकाने जे प्रश्न उभे केले आहेत असे आपणांस वाटते, ते वस्तुतः कागदावरच उभे राहिले होते. तो इतिहास थोडक्यात मांडून त्यातून अध्यापनासाठी काही नियम निघतो काय, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

१८७६ साली जर्मनीत गेओर्ग वेंकर यांनी ऱ्हाइनच्या परिसरातील शाळामास्तरांकडे काही वाक्ये पाठविली आणि ती आपापल्या गावच्या बोलीत लिहून धाडण्याची विनंती केली. पुढे हे काम सर्व जर्मन साम्राज्यभर विस्तारले. चाळीस वाक्ये निश्चित झाली आणि चाळीस हजारांहून अधिक शाळांतून उत्तरे आली. त्यांवरून मारबुर्ग येथे सोळाशेंहून अधिक नकाशे हातांनी रंगविण्यात आले.

बोलीबोलींमधील सीमा नकाशावर स्वच्छ दिसेल, ही या उद्योगामागची स्वाभाविक अपेक्षा होती. परंतु निघाले ते निराळेच. 'करणे' या अर्थाच्या क्रियापदात उत्तरेकडे 'क' आणि दक्षिणेकडे 'ख'सारखा घर्षक ध्वनी येतो. 'मी' या सर्वनामातही तोच भेद आहे. पूर्वेकडे या दोन शब्दांच्या रेषा जवळजवळ एकत्र धावतात. ऱ्हाइनजवळ मात्र एक बेनराथपाशी, तर दुसरी तिच्या उत्तरेस उर्डिंगेनपाशी नदी ओलांडते, आणि इतर शब्दांच्या रेषा दक्षिणेकडे पंख्यासारख्या पसरतात. ध्वनिपरिवर्तन एकच, पण प्रत्येक शब्दाची सीमा वेगळी. थेओडोर फ्रिंग्स प्रभृतींनी पुढे दाखवून दिले की, या रेषांचा संबंध कोलोन आणि ट्रियर येथील धर्मसत्तांच्या जुन्या प्रादेशिक सीमांशी लागतो. म्हणजे रेषा निसर्गाने आखलेली नव्हती. बाजार, सत्ता आणि रहदारी यांनी ती आखली होती.

वेंकर यांच्या पद्धतीतील दोष उघड होता. शाळामास्तर आपल्या समजुतीप्रमाणे अक्षरे वापरीत. ध्वनी लिहिण्याचे शिक्षण त्यांना नव्हते. फ्रान्समध्ये झ्यूल झिल्येरों यांनी याच्या उलट मार्ग धरला. एदमों एदमों या एकाच तीक्ष्ण कानाच्या माणसास त्यांनी १८९७ ते १९०१ या काळात ६३९ ठिकाणी पाठविले आणि १९०२ ते १९१० या अवधीत फ्रान्सचा भाषानकाशासंग्रह प्रसिद्ध केला. एकीकडे चाळीस हजार गावे आणि अशिक्षित कान. दुसरीकडे ६३९ गावे आणि शिक्षित कान. या निवडीतून अद्यापि कोणाचीही सुटका झालेली नाही.

३

आपल्या देशात जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणास १८९४ साली आरंभ झाला आणि त्याचे खंड १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झाले. मराठीचा सातवा खंड १९०५ चा. नमुने मुख्यतः जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांमार्फत मागविलेले. उधळ्या पुत्राच्या दाखल्याचे भाषांतर, एखादा स्थानिक मजकूर आणि शब्दांची व वाक्यांची यादी असे त्यांचे स्वरूप. या प्रचंड कार्याविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मद्रास इलाखा, ब्रह्मदेश आणि हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने सर्वेक्षणाच्या कक्षेत नव्हती. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे मराठीच्या घरातील एक मोठे दालन पाहणीवाचून राहिले.

येथे नकाशाचा एक स्वभावदोष लक्षात येतो. गद्यात 'या भागाची पाहणी झाली नाही' असे लिहिता येते. नकाशात मात्र रंग भरला की, पाहिलेला प्रदेश आणि न पाहिलेला प्रदेश सारखेच दिसू लागतात. बोली एकमेकींत हळूहळू मिसळतात याची ग्रियर्सन यांना पुरती जाणीव होती. पण त्यांच्या नकाशांवरून पुढे ज्यांनी ज्यांनी नकाशे उतरविले, त्यांच्या हाती रेषा आली, ती जाणीव आलीच असे नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात डॉ. अमृत माधव घाटगे यांनी मराठीच्या बोलींची जी पाहणी केली, तिच्यात कुडाळी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली अशा एकेका बोलीचे स्वतंत्र वर्णन आहे. एका ठिकाणची बोली समग्र ऐकावी, हा तिचा आग्रह. जॉन गंपर्झ यांनी १९५८ साली उत्तर भारतातील एका खेड्याविषयी दाखविले की, एकाच गावात जातीजातींच्या वस्त्यांप्रमाणे बोली बदलते. तेव्हा नकाशावरील एक ठिपका म्हणजे एक बोली, हे गृहीतही टिकत नाही.

४

भौगोलिक माहिती प्रणालीचा जन्म भाषेसाठी झाला नाही, हे सांगावयास नकोच. कॅनडाच्या शासनास १९६० च्या दशकात देशभरच्या जमिनीची नोंद हवी होती: शेतीस योग्य कोणती, जंगलास कोणती, वन्य प्राण्यांस कोणती. असे अनेक नकाशे हातांनी एकमेकांवर ठेवून क्षेत्रफळे काढणे अशक्यप्राय होते. रॉजर टॉमलिन्सन यांनी हे काम संगणकाकडे सोपविण्याची योजना आखली. एकाच भूमीचे अनेक थर साठवावेत आणि ते परस्परांशी ताडून पाहावेत, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना. ऱ्हाइनकाठच्या शब्दरेषा धर्मसत्तांच्या सीमांवर ठेवून पाहणाऱ्या संशोधकांनी तत्त्वतः हेच केले होते.

याच सुमारास, १९६५ साली, हॉवर्ड फिशर यांनी हार्वर्ड विद्यापीठात संगणकीय आलेखनाची प्रयोगशाळा स्थापिली. तेथील 'सायमॅप' ही आज्ञावली साध्या मुद्रकावर एका अक्षरावर दुसरे अक्षर छापून गडद-फिक्या छटा निर्माण करी. तिच्यासाठी विखुरलेल्या ठिकाणांच्या मोजमापांवरून मधल्या जागांचे मूल्य काढण्याची रीत डोनाल्ड शेपर्ड या विद्यार्थ्याने १९६८ साली मांडली. जवळच्या ठिकाणाचा प्रभाव अधिक, दूरच्याचा कमी, हे तिचे सूत्र. आजही ती रीत वर्गावर्गांतून शिकविली जाते. पर्जन्यमानास ती साजते. दोन मापकांच्या मध्ये पाऊस मधल्या प्रमाणात पडला असावा, असे मानण्यास आधार आहे. परंतु वऱ्हाडीत 'डोळा' हा शब्द 'डोया' असा ऐकू येतो. 'डोळा' म्हणणाऱ्या आणि 'डोया' म्हणणाऱ्या दोन गावांच्या मध्ये अर्धा 'डोया' म्हणणारे गाव नसते. मधल्या गावी कोण काय म्हणतो, हे तेथे जाऊनच ऐकावे लागते.

आपल्याकडे डेहराडून येथे १९६६ साली हवाई छायाचित्रांच्या वाचनाची संस्था निघाली. तीच पुढे भारतीय सुदूर संवेदन संस्था झाली. २००२ पासून 'क्यूजीआयएस' ही विनामूल्य आज्ञावली विकसित होऊ लागली आणि ज्या विभागास पूर्वी आरेखकाचे वेतनही परवडले नसते, त्याच्या विद्यार्थ्यांच्या हाती नकाशा आला. वेंकर यांचे हस्तरंजित नकाशेही २००१ नंतर मारबुर्ग येथे अंकीय रूपात उपलब्ध करण्यात आले. महाराष्ट्रात डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने हाती घेतलेल्या बोलींच्या सर्वेक्षणात ध्वनिमुद्रण आणि नकाशा यांची सांगड घातलेली आहे.

५

आता स्वानुभव. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक चाळिशीत पदार्पण केल्यानंतर विद्यार्थ्यांच्या बाकावर बसून हे तंत्र शिकला. नातेवाचक शब्दांची एक लहानशी पाहणी आम्ही नकाशावर उतरवीत होतो. गावांची नावे दिली की संगणक जुन्या यादीवरून त्यांचे स्थान शोधून देई. एक ठिपका धरणाच्या जलाशयाच्या मध्यावर पडला. जुन्या सर्वेक्षण नकाशांचा आधार असलेला एव्हरेस्टचा गोलाभ आणि आजच्या उपग्रहीय मापनाचा आधार यांत महाराष्ट्रात शंभर मीटरांच्या घरात फरक पडतो, हे नुकतेच शिकलो होतो; पण येथील अंतर कित्येक किलोमीटरांचे होते. दोष आहे, असे ठरवून मी तो ठिपका पुसून टाकला.

ज्या विद्यार्थिनीने ती नोंद आणली होती, ती दुसऱ्या दिवशी संकोचाने म्हणाली, "सर, संगणकाचं चुकलं नाही. आजीचं गाव पाण्याखालीच आहे. आम्ही उठून आलो, पण नाव तेच ठेवलं."

ती मुद्रणे पुन्हा ऐकली. नव्या वसाहतीतील वृद्ध स्त्रियांच्या बोलण्यात शेजारच्या गावांत न आढळणारे तीन शब्द होते. ते बुडालेल्या खोऱ्याचे होते. मी तो ठिपका पुसून एका गावाला दुसऱ्यांदा बुडविले होते. त्याला नव्या जागी सरकविले असते, तर ते शब्द भोवतालच्या रंगात अपवाद म्हणून गणले गेले असते. शेवटी आम्ही दोन्ही स्थाने ठेवली: एका थरात बोलणाऱ्यांचे आजचे राहणे, दुसऱ्यात बोलीचे मूळ ठिकाण. त्यांना जोडणारी रेषा काढली. ती सीमारेषा नव्हती, वाट होती. थरांची ही सोय कागदावर इतक्या सहजतेने झाली नसती, हे तंत्राच्या बाजूने प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

६

या साऱ्यावरून अध्यापनासाठी तीन नियम सुचतात. प्रत्येक ठिपक्यामागे कोण, कोठला, कोणत्या वस्तीतला आणि केव्हा ऐकला, याची नोंद नकाशाबरोबर असलीच पाहिजे. जेथे कोणी गेले नाही तो भाग कोरा ठेवावा. मधले रंग संगणकाकडून भरून घेऊ नयेत. आणि विसंगत दिसणारी नोंद पुसण्यापूर्वी ती आणणाऱ्यास विचारावे. हे तिन्ही नियम वेंकर, झिल्येरों आणि ग्रियर्सन यांच्या अडचणींतूनच निघतात. संगणकामुळे ते अधिक निकडीचे झाले इतकेच, कारण पूर्वी चुकीचा रंग भरण्यासही महिने लागत आणि त्या महिन्यांत विचार करण्यास अवसर मिळे. म्हणून हे तंत्र भाषेच्या विद्यार्थ्याने शिकावे. परंतु ध्वनिमुद्रण ऐकण्याचा तास त्यासाठी कमी करू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते.