पाहुणा, नागरिक आणि माणूस



आपल्या बेळगावहून फार दूर नसलेल्या कोल्हापूरनजीक वळिवडे नावाचे गाव आहे. १९४३ साली तेथे पोलंडमधील निर्वासितांची छावणी उभी राहिली. १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड व्यापल्यावर ज्यांना सायबेरिया व कझाकस्तानकडे हद्दपार करण्यात आले आणि १९४१ नंतर जे सुटून इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचले, असे सुमारे पाच हजार लोक येथे राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, इस्पितळ होते. १९४८ पर्यंत ही मंडळी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत पांगली. काही मायदेशी परतली.

रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी बांधव आले आणि तेथे गांधीनगर वसले. छप्पर तेच, आश्रयाचे स्वरूप मात्र निराळे. पोलिश मंडळी पाहुणी होती. फाळणीमुळे इकडे आलेल्यांना आपल्या संविधानाच्या सहाव्या कलमाने नागरिकत्वाचा मार्ग खुला करून दिला. पाहुण्यास यजमानाचे औदार्य तारते, नागरिकास कायदा. परंतु जो धड पाहुणाही नाही आणि नागरिकही नाही, त्याने कोणाकडे पाहावे?

हा प्रश्न अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पूर्व पाकिस्तानातून १९६४ च्या सुमारास आलेल्या या लोकांना सरकारनेच तेथे वसविले होते. पुढे तीस वर्षांनी 'चालते व्हा' अशा धमक्या त्यांना मिळू लागल्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने न्यायालयात धाव घेतली. ९ जानेवारी १९९६ रोजी सरन्यायाधीश अहमदी यांच्या पीठाने निर्णय दिला: जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, मग तो मनुष्य नागरिक असो वा नसो. या निर्णयाचे मूळ संविधानाच्या शब्दयोजनेत आहे. एकोणिसावे कलम नागरिकाविषयी बोलते. चौदावे आणि एकविसावे कलम व्यक्तीविषयी.

तथापि या संरक्षणाला मर्यादा आहे. ८ एप्रिल २०२१ च्या रोहिंग्यांविषयीच्या आदेशात न्यायालयाने व्यक्तीचे हे हक्क मान्य केले. परंतु परत न पाठविले जाण्याचा हक्क वास्तव्याच्या हक्काशी, म्हणजेच नागरिकत्वाशी, निगडित असल्याचे सांगितले. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर स्वाक्षरी केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही संसदेने केलेला नाही. त्यामुळे जो दारी आला त्याचे भवितव्य बव्हंशी त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर राहते.

आपण सीमाभागातील माणसे. १९५६ साली आपण जागचे हललो नाही; राज्याची सीमा हलली. तरीही गाऱ्हाणे मांडण्यास आपल्यापाशी नागरिकत्व होते. ज्याच्यापाशी तेही नाही, त्याला आपल्या संविधानाने 'व्यक्ती' म्हटले आहे. वळिवड्यातील आतिथ्याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण दारी आलेल्याचा जीव यजमानाच्या स्वभावावर अवलंबून राहू नये, एवढी तरतूद कायद्यात करणे हे त्या अभिमानाचेच पुढचे कर्तव्य आहे.