स्वयंसेवी अग्निशामक आणि सार्वजनिक स्मृती : सॅन फ्रान्सिस्को येथील एक स्मारक

सॅन फ्रान्सिस्को शहरातील वॉशिंग्टन स्क्वेअर उद्यानात स्वयंसेवी अग्निशामकांचे ब्राँझचे स्मारक आहे. हेग पॅटिजियन या शिल्पकाराची ही कृती १९३३ मध्ये उभी राहिली. ज्या दलाचा हा गौरव, ते मात्र १८६६ मध्येच विसर्जित होऊन त्याची जागा पगारी दलाने घेतली होती. हे ६७ वर्षांचे अंतर अभ्यासनीय ठरते.

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि लाकूड व कापडी तंबूंचे हे गाव झपाट्याने वाढले. डिसेंबर १८४९ ते जून १८५१ या काळात तेथे सहा मोठ्या आगी लागल्या. पहिल्या आगीनंतर नागरिकांनी स्वतःहून पथके उभारली. हाताने ओढावयाचे बंब चढणीच्या रस्त्यांवरून नेणे हे कष्टाचे काम होते. तथापि या पथकांकडे केवळ सेवाभावाच्या दृष्टीने पाहणे एकांगी ठरेल. आगीच्या ठिकाणी प्रथम पोहोचण्याची त्यांच्यात तीव्र चुरस असे, आणि पथकातील स्थान राजकारणातही उपयोगी पडे. एका पथकाचे प्रमुख असलेले डेव्हिड ब्रॉडरिक पुढे अमेरिकेच्या सिनेटवर गेले. १८५९ मध्ये द्वंद्वयुद्धात त्यांचा अंत झाला. शिल्पात या बाजूचा मागमूस नाही, आणि स्मारकांच्या बाबतीत हे नवलाचेही नाही.

स्मारकाचा खर्च लिली हिचकॉक कॉइट (१८४३-१९२९) यांनी मृत्युपत्राद्वारे ठेवलेल्या धनातून झाला. अपुऱ्या माणसांनिशी टेकडी चढणाऱ्या निकरबॉकर क्रमांक ५ या पथकाचा दोर त्यांनी शाळकरी वयात ओढला, अशी आख्यायिका आहे. तिचे तपशील निरनिराळे सांगितले जातात. परंतु १८६३ मध्ये पथकाने त्यांना मानद सदस्यत्व दिले, हे निश्चित. स्त्रियांना सार्वजनिक कार्यात क्वचितच स्थान मिळण्याच्या त्या काळात ही बाब असामान्य होती. शिल्पातील तीन अग्निशामक मात्र पुरुष आहेत आणि त्यांच्यातील एकाने हातांवर उचललेली स्त्री ही वाचविली गेलेली, असहाय अशी आहे. देणगीदार स्त्रीचा अनुभव आणि तिच्याच धनातून साकारलेली प्रतिमा यांतील ही विसंगती स्मारकाच्या वर्णनांत सहसा नोंदविली जात नाही.

शहराच्या सौंदर्यवृद्धीसाठी त्यांनी ठेवलेल्या रकमेतून त्याच वर्षी टेलिग्राफ हिलवर २१० फूट उंचीचा कॉइट टॉवर बांधण्यात आला. त्याचा आकार अग्निशामक नळीच्या तोंडासारखा आहे, असे लोक आजही सांगतात. वास्तुरचनाकारांचा तसा हेतू नव्हता.