ड्रॉइटविचची रात्र

मान वर करा. सातशे फुटी मनोरा अंधारात नेमका कुठे संपतो ते कळत नाही. शेजारी तेवढाच उंच दुसरा. दोघांमध्ये टांगलेल्या तारांतून या क्षणी लाखो घरांत आवाज पोचतोय. आज ३० जून १९३८. तुम्ही इंग्लंडमध्ये वूस्टरशायरला, ड्रॉइटविचजवळच्या बीबीसीच्या प्रक्षेपण केंद्रावर आला आहात. ताकद १५० किलोवॅट, लहरलांबी १५०० मीटर.

आत चला. उंबऱ्यापाशीच उबेचा झोत अंगावर येतो. मोठाले व्हॉल्व्ह पाण्याने गार ठेवावे लागतात, एवढे ते तापतात. यंत्रांचा घुमारा आधी तळपायाला जाणवतो, मग कानाला. रात्रपाळीचे इंजिनिअर काट्यांवर नजर ठेवून उभे आहेत. कुणी मोठ्याने बोलत नाही.

आणि ते येतात. साडेसहा फूट उंची, डाव्या गालावर खोल व्रण. १९१५ साली फ्रान्सच्या आघाडीवर लागलेल्या गोळीचा. जॉन रीथ. बीबीसीचे महासंचालक म्हणून हा त्यांचा शेवटचा दिवस.

आपल्याकडे केंद्र संचालक निवृत्त होतात तेव्हा शाल-श्रीफळ असतं, हार असतो, भाषणं होतात, कुणाचा तरी कंठ दाटून येतो. मला ते सगळं आवडतं. माणसाला निरोप माणसांनीच द्यावा. पण लंडन सोडून, एवढा रस्ता तुडवून रात्री यंत्रघरात आलेला हा माणूस बघा. वय अवघं ४८. सरकारने त्यांना इम्पीरियल एअरवेजच्या अध्यक्षपदी बोलावलंय, म्हणून जायचं. लंडनच्या ब्रॉडकास्टिंग हाऊसच्या दर्शनी दालनात त्यांचं नाव लॅटिनमध्ये दगडात कोरलेलं आहे. तरी शेवटची रात्र त्यांनी इथली निवडली.

१९२२च्या डिसेंबरात त्यांनी काम हाती घेतलं तेव्हा मोजून चार माणसं होती, आणि प्रक्षेपण म्हणजे काय हे अर्ज करताना त्यांनाच ठाऊक नव्हतं. आज रेडिओचे परवाने ८० लाखांवर आहेत. परवाना दहा शिलिंगांचा. हवेलीतल्या श्रीमंताला जे ऐकू येतं, तेच खाणकामगाराच्या खोलीत. त्यात पहिला वर्ग, तिसरा वर्ग नाही. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. १९२६च्या सार्वत्रिक संपात त्यांनी बीबीसी सरकारच्या ताब्यात जाऊ दिली नाही हे खरं, पण विरोधी पक्षनेते रॅम्से मॅकडोनाल्ड यांना बोलूही दिलं नाही. ते शल्य आहेच. आणि आपलं त्यांच्याशी नातंही आहे: १९३५ साली दिल्लीला आलेले लायोनेल फील्डन त्यांच्याच हाताखालचे. पुढच्याच वर्षी फील्डन यांच्या कारकिर्दीत ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळालं.

आता जरा बाजूला सरका, त्यांना जागा द्या. दिवसाचे कार्यक्रम संपले आहेत. आकाशवाणीवर ‘आमची सभा इथे संपली’ ऐकल्यावर जी खरखर उरायची, ती तुम्हाला आठवत असेल. ती सुरू व्हायच्या क्षणी, यंत्राच्या बाजूला, तुम्ही आज उभे आहात. इंजिनिअर मागे होतात. रीथ स्वतःच्या हाताने प्रक्षेपक बंद करतात.

घुमारा खाली खाली जातो. काटे शून्यावर येतात. इतका वेळ ऐकू न आलेला घड्याळाचा ठोका तुम्हाला ऐकू येतो. त्यांचा हात अजून तिथेच आहे.

मग कुणीतरी अभ्यागतांची वही पुढे करतं. ते वाकून लिहितात. तुम्ही खांद्यावरून वाचता: जे. सी. डब्ल्यू. रीथ, लेट बीबीसी. ‘लेट’ म्हणजे माजी. इंग्रजीत कैलासवासी माणसाच्या नावाआधीही हाच शब्द लावतात.

ते बाहेर पडतात. मोटार सुरू झाल्याचा आवाज येतो. वही मिटू नका, शाई अजून ओली आहे.